दहा किलोच्या आत

फ्लॉवरचे देठ आणि पानं आठ किलो चारशे ग्रॅम. मटारची टरफलं सहा किलो सहाशे. भोपळ्याच्या साली, पोटातले तंतू आणि बिया मिळून चार किलो. बटाट्याच्या साली तीन किलो दोनशे, पावाच्या कडा दोन किलो नऊशे, चहाचा चोथा दोन किलो तीनशे, पिचलेले टोमॅटो एक किलो सहाशे, गाजराची टोकं आणि साली दीड किलो, कांद्याची फोलपटं एक किलो दोनशे, कोथिंबिरीच्या काड्या आठशे ग्रॅम. आणि वेगळ्या बादलीत, लोकांनी ताटात टाकलेला भात, भाजी आणि पाव नऊ किलो आठशे. एकूण बेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

सोमवारचं जेवण उरकल्यावर धाकटीने हा सगळा ऐवज फरशीवर प्लास्टिक अंथरून ढीग-ढीग मांडला होता आणि एकेक ढीग भाजीच्या काट्यावर चढवत होती. थोरली ओट्याला टेकून चहा पीत बघत होती.

"लोक दागिने मोजतात," थोरली म्हणाली, "आमच्या घरची शास्त्रज्ञ टरफलं मोजते."

"ताई, मोजल्याशिवाय कमी काय करायचं ते कसं कळणार?"

"दहा किलो म्हणालीसच कशाला पण? वीस म्हणायचं. हात दाखवून अवलक्षण!"

दहा हा आकडा खरोखरच धाकटीच्याच तोंडून निसटला होता.

त्या दोघी जावा. पंख्यांच्या कारखान्यातलं स्वयंपाकघर त्या चालवत. दीडशे माणसं दुपारी तिथे जेवत. वर्षानुवर्षं मुख्य थोरलीच होती, पण गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला, मोठी पातेली उचलवेनात, तेव्हा तिने कोठीच्या किल्ल्या धाकटीच्या हातात ठेवल्या. धाकटीने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. लग्न झाल्यापासून ती पदवी कपाटात साड्यांच्या घडीखाली सपाट पडून होती. घरात तिला कोणी वाईट वागवत नव्हतं, पण काही विचारतही नव्हतं. या स्वयंपाकघरात मात्र माणसं तिला "आता काय करायचं?" असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. एवढ्याशा गोष्टीची तिला इतकी सवय झाली होती की ती जाईल ही कल्पनाच तिला नकोशी होती.

आणि ती जायची वेळ आली होती. स्वयंपाकघराची कचऱ्याची दोन पिंपं पॅकिंग विभागाच्या भिंतीला लागून असत. त्यांच्या वासाने उंदीर आले आणि उंदरांनी तयार पंख्यांचे खोके कुरतडले. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण वैतागलेला होता. पुढच्या महिन्यापासून स्वयंपाकघर बंद करायचं आणि बाहेरून डबे मागवायचे, असं तो सांगायला आला, तेव्हा धाकटी पटकन बोलून गेली होती, "दिवसाचा कचरा दहा किलोच्या आत आणला तर?"

मॅनेजर हसला नव्हता. विचार करून म्हणाला होता, "शुक्रवारी मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाई येताहेत, इथेच जेवणार आहेत. जेवण झालं की पिंप पॅकिंगच्या काट्यावर चढवू. दहाच्या आत असेल तर स्वयंपाकघर राहील. पण चोरवाट नको हं. बाजार नेहमीचाच आणायचा, माणसं नेहमीचीच, आणि काहीही पिशवीत भरून घरी न्यायचं नाही की कुंपणाबाहेर फेकायचं नाही. या दारातून आत आलेलं एक तर पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पिंपात."

"कबूल," धाकटी म्हणाली होती. थोरलीने तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

आता चहा संपवून थोरली पुढे आली, ढिगांवरून नजर फिरवली आणि ताटातल्या उष्ट्याच्या बादलीला पायाने हलकेच ढोसलं. "या सालींचं काय करायचं ते तू बघ. ही बादली माझी."

बादलीचं तिने काय केलं, ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. ती स्वतः वाढायला उभी राहिली आणि प्रत्येकाला अर्धाच डाव वाढू लागली. रांगेत कुरबुर सुरू झाली. रंगकामाचा फोरमन, ज्याला सगळे त्याच्या मिशांवरून मिशीवाले म्हणत, त्याने ताट पुढेच धरून ठेवलं.

"वहिनी, उपास आहे का आज?"

"हे संपवा, परत या, पुन्हा वाढते. दहा वेळा या."

"आणि नाही आलो तर?"

"तर कळेल ना, पोट मोठं होतं की डोळे!"

रांग खदखदून हसली. परत येणारे आले, पण नुसतं डोळ्यांनी जेवणारे आले नाहीत, आणि बादली निम्म्यावर आली.

धाकटीचं काम इतकं सरळ नव्हतं. भोपळ्याच्या बिया धुऊन, मीठ लावून तव्यावर भाजल्या, तर त्या वाटीभर वाटीभर करत चहाच्या वेळेला फस्त झाल्या. पिचलेले टोमॅटो आटवून तिने आंबटगोड चटणी केली. बटाट्याच्या साली ती एकेक उलटून बघे आणि हिरवट असतील त्या बाजूला काढी, कारण हिरव्या सालीत विषारी अंश असतो आणि तो शिजवूनही पुरता जात नाही. पण देठ, पानं, टरफलं आणि साली यांचा डोंगर उरतच होता. शेवटी तिने ठरवलं, सूप. सगळं एकत्र मोठ्या पातेल्यात सावकाश उकळायचं, चव पाण्यात उतरली की गाळायचं, मग राहिलेला चोथा वाटून त्याच पाण्यात मिसळून घट्टपणा आणायचा. पाणीही पोटात, चोथाही पोटात. गुरुवारी छोट्या भांड्यात करून बघितलं. थोरलीने चमचाभर तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "कोंड्याचा मांडा केलास गं." थोरलीकडून एवढी स्तुती म्हणजे पारितोषिकच.

शुक्रवारी सकाळी मोठं पातेलं भरलं. कांद्याची फोलपटं तेवढी फडक्यात बांधून सोडली होती, म्हणजे रंग आणि वास उतरेल पण खाताना दातांत येणार नाहीत. दोन तास मंद आचेवर सगळं रटरटत राहिलं. वास असा सुटला की मॅनेजर दोनदा काही कारण नसताना दारातून डोकावून गेला.

आता त्या स्वयंपाकघराची एक रीत सांगायला हवी. तिथे भात भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी वेळून टाकलं जाई, बटाटे उकडून निथळले जात, मॅकरोनी गाळली जाई. प्रत्येक वेळी काम तेच. थोरलीचा खांदा दुखू लागल्यापासून धाकटी पातेलं मोरीच्या कठड्यावर टेकवून कलंडवत असे आणि थोरली समोरून चाळण धरत असे. बोलायची गरज पडत नसे. एकीने "हं" म्हटलं की दुसरीचे हात हलत. दिवसातून चार-पाच वेळा त्या हे करत आणि तेव्हा दोघींची तोंडं भलत्याच विषयावर चालू असत.

त्या शुक्रवारी विषय होता धाकटीचा नवरा. तो कारखान्याचा टेम्पो चालवायचा आणि सकाळी बाजार आणून द्यायचा.

"भावजींनी आज पुन्हा जास्तीचे मटार आणले," थोरली म्हणाली.

"भाजीवाली गोड बोलते, म्हणून आणतात."

"मग तूही गोड बोलत जा."

"मी गोड बोलले तर मला ताप आलाय की काय असं त्यांना वाटेल. माझ्या कपाळाला हात लावून बघतील. हं."

थोरलीने चाळण धरली. धाकटीने फोलपटांची पुरचुंडी उचलून बाजूला ठेवली आणि पातेलं कलंडवलं. तपकिरी, दाट, सुवासिक पाणी वाफ सोडत धबधब्यासारखं चाळणीतून खाली उतरलं आणि मोरीच्या भोकातून शेवटचा घुटका घेतल्यासारखा आवाज करत नाहीसं झालं.

ते पाणी धरायला घासून ठेवलेलं रिकामं पातेलं शेजारी तोंड वासून उभं होतं.

दोघी चाळणीत बघत राहिल्या. चाळणीत होता चोथा.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "आपण सूप ओतलं."

"आपण चहा गाळला," थोरली म्हणाली, "चहा फेकला आणि चोथा ठेवला." मग तिला हसू फुटलं. भीतीने फुटतं तसं, न थांबणारं. धाकटीला मात्र रडू येत होतं. जेवणाला दीड-दोन तास उरले होते. तो डोंगर तसाच पिंपात गेला असता तर एकटा त्याचाच काटा पंधराच्या वर गेला असता.

तेवढ्यात धाकटीचा नवरा रिकामे क्रेट घेऊन आत आला, दोघींची तोंडं बघून थबकला. "काय झालं? कोण गेलं?"

"सूप," थोरली म्हणाली.

धाकटीने चोथ्यातला एक देठ उचलून खाल्ला. मऊ, गरम आणि बेचव. साहजिकच होतं. पाण्यात विरघळणारं जे जे होतं ते पाण्याबरोबर गेलं होतं. ती चघळत उभी राहिली आणि डोकं हळूहळू चालू लागलं. पाण्यात विरघळणारं गेलं, पण पिष्ट होतं, थोडी प्रथिनं होती. ओलं असताना त्यांना चव नसते. पण पाणी काढून टाकलं आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर लाल होईपर्यंत भाजलं तर? पावाची कड खमंग लागते ती तशीच. ती चव आधी कुठेच नसते, तव्यावर नव्याने तयार होते.

"ताई, याचे कटलेट होतील?"

थोरलीचं हसू थांबलं. तिने मूठभर चोथा हातात घेऊन दाबला. बोटांतून पाणी ओघळलं. "असे नाही होणार. तव्यावर पसरतील. फडक्यात घालून पिळून काढ, अगदी कोरडं. मग पावाच्या कडा भाजून चुरा करून घाल, तो उरलंसुरलं पाणी पिईल. आणि ही मटारची टरफलं तशीच घातलीस तर लोक चघळत बसतील, त्यांच्या आतली पापुद्र्याची कातडी शिजत नाही."

"चाळणीवर घासून घेऊ. गर खाली पडेल, कातडी वर राहील."

"मग उभी काय राहिलीस? अहो भावजी, क्रेट ठेवा, हात धुवा! आज गोड बोलायला नको, हात चालवा."

पुढचा वेळ कसा गेला ते तिघांनाही नीट सांगता आलं नसतं. नवऱ्याने आणि धाकटीने धुतलेल्या चादरीची दोन टोकं धरून कपडे पिळावेत तसा चोथा पिळला. टरफलं चाळणीवर घासून घासून धाकटीचे तळवे हिरवे झाले. थोरलीने डाव्या हाताने देठ आणि साली बारीक कुटल्या, कांदा लाल तळून घातला, मिरपूड, मीठ, लिंबाची किसलेली साल. मिश्रणाचा एक गोळा तिने वर उडवला आणि पुन्हा झेलला. फुटला नाही. नवऱ्याने डब्याचं झाकण साचा म्हणून घेतलं आणि यंत्रासारखे एकाच मापाचे कटलेट पाडायला सुरुवात केली.

"इतके सारखे?" धाकटी म्हणाली.

"पंख्यांच्या कारखान्यातले आहेत. एक जड, एक हलका झाला तर पात्यांसारखे हलतील."

पहिला कटलेट तव्यावर पडला. धाकटी तो उलटायला पुढे झाली तशी थोरलीने तिचा हात धरला. "थांब. घाई करशील तर तव्याला चिकटेल. तो स्वतः सुटेल." आणि खरंच, कड लाल झाली आणि कटलेट आपणहून सुटला. तिघांनी तो तीन तुकडे करून खाल्ला. नवऱ्याने लगेच दुसऱ्याकडे हात नेला आणि थोरलीने त्या हातावर उलथनं मारलं.

जेवणाची घंटा होण्याआधी धाकटीने पिंप काट्यावर ठेवलं आणि रिकाम्या पिंपाचं वजन वजा केलं. चहाचा चोथा, कांद्याची फोलपटं, टरफलांची कातडी, भोपळ्याचे तंतू आणि हिरव्या साली. सहा किलो सहाशे वीस. म्हणजे उरले तीन किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. मोठ्या बाई आणि त्यांच्या सोबतचा एक धरून आज एकशे बावन्न पानं होती. तिने मनातल्या मनात भागाकार केला. माणशी बावीस ग्रॅम. एक घास. प्रत्येकाने ताटात एकापेक्षा जास्त घास टाकला, तर स्वयंपाकघर गेलं.

हा आकडा तिने फक्त नवऱ्याला सांगितला. ही चूक होती की शहाणपण, हे तेव्हा ठरवता आलं नसतं, पण रांग लागेपर्यंत तो आकडा रंगकामापासून पॅकिंगपर्यंत पोचला होता.

मोठ्या बाई मॅनेजरसोबत आल्या. साध्या, किडकिडीत, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्या रांगेतच उभ्या राहिल्या, मिशीवाल्यांच्या मागे. मॅनेजरने त्यांना पुढे यायला सुचवलं, तर त्यांनी मान हलवली.

थोरलीने मोठ्याने सांगितलं, "ऐका! आज कटलेट आहेत. देठांचे, सालींचे आणि टरफलांचे. लपवाछपवी नाही. ज्याला नको त्याने आत्ताच नको म्हणावं. घेऊन टाकलेत तर माझ्याशी गाठ आहे."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे कचऱ्याचे?"

मिशीवाल्यांनी कटलेट उचलला, उलटसुलट बघितला, वास घेतला. सगळी रांग त्यांच्या मिशांकडे बघत होती. त्यांनी अर्धा तोडला. कुरकुरीत आवाज आला. ते चावत राहिले, बराच वेळ.

"वहिनी," ते शेवटी गंभीरपणे म्हणाले, "हे देठ आणि साली आहेत?"

"हो."

"आणि इतकी वर्षं तुम्ही हे उंदरांना घालत होतात, आणि आम्हाला नुसती भाजी?"

जेवणघर एकदम फुटल्यासारखं हसलं. मोठ्या बाईंनीही तोंडावर हात धरला. मग ताटं पुढे येऊ लागली आणि थांबेनात. पहिल्या फेरीला सगळ्यांना दोन-दोन मिळाले. दुसऱ्या फेरीला कारकुनांनी आणि मोटर विभागाने रांगेवरून भांडण केलं. टोमॅटोची चटणी चमच्याने खरवडली गेली. नवरा परात डोक्यावर धरून टेबलांमधून फिरत होता आणि लोक त्याच्या सदऱ्याला धरून त्याला आपल्याकडे ओढत होते.

पण धाकटी ताटांकडे बघत होती. ताटं चाटूनपुसून परत येत होती. एका टेबलावर एका माणसाने भात तसाच सोडून खुर्ची मागे सरकवली, तशी शेजारच्याने त्याला दंडाला धरून परत बसवलं. "ए, संपव तो. बावीस ग्रॅमच्या वर जाईल."

"बावीस ग्रॅम म्हणजे किती?"

"तुझ्या अकलेएवढं. खा."

शेवटी फक्त एक ताट उरलं. मोठ्या बाईंचं. त्यात अर्धा पाव होता आणि त्या रुमालाने हात पुसत होत्या. मॅनेजरने डोळ्यांनी धाकटीला 'राहू दे' अशी खूण केली. थोरली मात्र पदर खोचून तिथे जाऊन उभी राहिली.

"बाई, तो अर्धा पाव आमच्या पोटावर पाय देईल हं."

मॅनेजरने डोळे मिटले. बाईंनी चष्म्याच्या वरून थोरलीकडे बघितलं, मग पावाकडे. "माझं पोट भरलंय," त्या म्हणाल्या. "पण एक कटलेट असेल तर त्याच्याबरोबर जाईल."

"कटलेट संपले. परात बघा, आरशासारखी झालीय."

"मग चुरा?"

थोरलीने तव्याच्या कडेचा खरपूस चुरा वाटीत आणून दिला. बाईंनी तो पावावर पसरला आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मग धाकटीकडे वळून विचारलं, "हे करायचं कसं सुचलं?"

खरं सांगावं की नाही, याचा धाकटीने क्षणभर विचार केला. "सूप करायचं होतं," ती म्हणाली. "ते आम्ही दोघींनी मिळून मोरीत ओतलं."

बाई आधी तिच्याकडे, मग थोरलीकडे बघत राहिल्या आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेर पडत असलेली माणसंही परत दारात आली.

मग नवऱ्याने पिंप उचललं. कोणी बोलावलं नव्हतं, तरी अर्धा कारखाना त्याच्या मागे पॅकिंग विभागात गेला. मिशीवाल्यांनी पंख्यांचे खोके बाजूला सारून काट्यापर्यंत वाट केली. थोरलीने दुखरा हात धाकटीच्या खांद्यावर ठेवला होता आणि तो चांगलाच जड होता. ताटांचं उष्टं पिंपात रिकामं केलं, बादली उलटी करून हाताने थोपटली, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. मॅनेजरने दुसरं रिकामं पिंप काट्यावर ठेवून, स्वतः वाकून आकडा शून्यावर आणला, ते उतरवलं आणि नवऱ्याने भरलेलं पिंप वर ठेवलं. आकडे वर गेले, खाली आले, थरथरले. सगळे पुढे झुकले.

"वाचा की मोठ्याने," थोरली म्हणाली.

मॅनेजरने वाचलं, "सात किलो एकशे चाळीस ग्रॅम."